वार काढणाऱ्या हातांना मोजे हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमची आठ महिन्यांची गाभण गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, आणि दीड दिवस वार (जार) पडली नाही. धाकट्या भावाने नेहमीप्रमाणे उघडा हात घालून ती ओढून काढली, अंगाच्या साबणाने हात धुतले आणि तो जेवायला बसला. आदल्या दिवशी उसाचा पाला काढल्यामुळे त्याच्या हातांवर बारीक ओरखडे होते. महिनाभराने त्याला रोज संध्याकाळी ताप भरू लागला. रात्री अंथरूण घामाने भिजायचे आणि कंबर इतकी धरायची की दुधाची बादली उचलवत नसे. टायफॉइडवरच्या उपचारांनी गुण आला नाही. अखेर रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार, निघाला आणि सलग ६ आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागली. गाय गाभडल्याचे डॉक्टरांच्या कानावर घालावे, हे आमच्यापैकी कुणालाही सुचले नव्हते.

या रोगाचे जिवाणू गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि स्रावात मोठ्या प्रमाणावर असतात व हातावरच्या जखमेतून किंवा डोळ्यांत उडालेल्या थेंबातूनही शरीरात शिरतात. वार हाताने ओढूच नये, असे पशुवैद्यक सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु मेलेले वासरू उचलणे आणि गोठा धुणे घरच्यांनाच, बहुधा बायकांनाच, करावे लागते. त्यांना खांद्यापर्यंतचे हातमोजे, गमबूट, मास्क आणि साधा चष्मा मिळालाच पाहिजे.

२०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना या रोगाची लस दिली जाते, म्हणून गोठा सुरक्षित झाला, असे अनेकजण समजतात. बाजारातून आणलेल्या मोठ्या गाईला ती टोचलेली असेलच असे नाही. शिवाय लस जिवंत जिवाणूंची असल्याने सुई चुकून स्वतःला लागली, तर टोचणाराही आजारी पडू शकतो. त्यालाही मोजे आणि चष्मा हवाच.

दूध संस्था पशुखाद्य उधारीवर देऊन त्याचे पैसे दुधाच्या बिलातून कापून घेतात. मोजेही तसेच द्यावेत. १०० मोज्यांचा डबा पशुखाद्याच्या एका पोत्यापेक्षा स्वस्त पडतो. वापरलेला मोजा उलटा करून काढावा आणि वारेसोबतच, वर चुना टाकून, खोल पुरावा. आमच्याकडे वार उकिरड्यावर टाकतात आणि कुत्री ती गल्लीभर ओढत नेतात.

आमच्या संस्थेकडे आम्ही तशी लेखी मागणी केली आहे. पशुसंवर्धन विभागाने सर्वच दूध संस्थांना ही सूचना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक, सातारा जिल्हा