कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांस

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव घालू नको, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांत मानायचेच होते. त्या दिवशी तुमच्या शेडमधून निघताना घसा दाटून आला होता. 'येते काका' एवढंच म्हटलं आणि गाडी सुरू केली. म्हणून हे पत्र.

तुम्हाला माझं काम आता माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. जपानी ॲनिमेतल्या, म्हणजे तिकडच्या कार्टूनपटांतल्या, पात्रांच्या हलते सांधे असलेल्या छोट्या आकृत्या येतात. मॅक्स फॅक्टरीच्या 'फिग्मा' 2008 पासून निघतात, बंदाईचे गंडम रोबो तर 1980 पासून. मी एकीचं धड घेते, दुसरीचं डोकं, एखाद्या रोबोचा हात, आणि घासून, भरून, रंगवून त्यातून कुठल्याही खोक्यावर न छापलेलं माझं स्वतःचं पात्र उभं करते. या वेळची मुलगी आपल्याच भागातली. गुऱ्हाळावर चरकात उजवा हात गेलेली, आणि त्या जागी यंत्राचा हात बसवून पुन्हा उभी राहिलेली. तिची गोष्ट वहीत कधीची लिहून ठेवली होती. हात जमला, धड जमलं. डोकं दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे मानेचा गोळा एका मापाचा आणि डोक्यातली खोबण दुसऱ्या मापाची. सगळं तिथं अडलं.

ती मान घेऊन मी कुठं कुठं फिरले! एका दुकानात, 'होऊन जाईल' म्हणत माझ्यासमोर खोबणीत झटपट चिकटणारा गोंद ओतला. त्या गोंदाची वाफ धरते आणि प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. माझ्या मुलीच्या गालावर तो बसला. चेहरा पुन्हा घासून रंगवावा लागला आणि मान दगडासारखी घट्ट झाली ती वेगळीच. बाहेरगावच्या एका 'तज्ज्ञा'कडे पार्सल पाठवलं, तर मानेची दांडी डोक्यातच मोडून परत आली. सोबत दुरुस्तीचं बिल, आणि 'ही क्वालिटीच अशी असते' अशी चिठ्ठी. आणखी एकाने तर खोकं उघडूनही पाहिलं नाही. 'लग्नाच्या वयात बाहुल्या काय खेळतीस' म्हणाला आणि शेजारच्याकडे बघून हसला. काम जमत नसेल तर जमत नाही म्हणावं, त्याचा राग नाही. पण समोरच्यानं जीव ओतलेली वस्तू हातात घेऊन तिची टिंगल करायची, हा अधिकार या लोकांना कोण देतं?

तुमच्याकडे आले ती शेवटचा उपाय म्हणून. लेथवर पंपाचा शाफ्ट चालू होता, तुमचे हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. मी खोकं उघडलं आणि आतलं डोकं तुमच्यापुढे धरलं. तुम्ही हात पुढे केलात आणि मध्येच मागे घेतलात. 'थांब बाळ, हात कळकट हाईत,' म्हणालात. मशीन बंद केलंत. आधी लाकडाच्या भुशानं हात चोळलेत, मग साबणाच्या वडीनं, नखांच्या कडा ब्रशनं घासल्यात, पुन्हा साबण. कामगार पोरगा बघत राहिला. मग कपाटातून धुतलेलं फडकं काढून टेबलावर अंथरलंत आणि तेव्हा कुठं ते डोकं दोन बोटांत धरलंत, चेहऱ्याला स्पर्श न करता, केसांच्या बाजूनं.

काका, माझं काम तिथंच झालं होतं. मान बसली नसती तरी मी आनंदानं घरी गेले असते. इतक्या जणांनी ते डोकं उलटंपालटं केलं होतं, कुणाला त्याच्यासाठी हात धुवावेसे वाटले नव्हते.

बाकीचं तुम्ही ज्या सहजतेनं केलंत ते मी आजही मैत्रिणींना सांगते. अठरा मीटरचा रोबो 1/144 मापात साडेबारा सेंटिमीटरचा होतो आणि पाच फुटी मुलगी 1/12 मापात पाच इंचांची, हे मी समजावायला लागले, तर तुम्ही वाक्य पुरं होण्याआधीच म्हणालात, 'म्हंजे दोघंबी एकाच उंचीचे. मग हात बसायचाच की!' मी पितळेचा तुकडा लावू या म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. 'पितळ नगं. हलवून हलवून आतलं प्लॅस्टिक खाईल ते. डेलरिन घालू.' बुशिंगच्या कामातून उरलेला त्या कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा काढलात आणि दोन टोकांना दोन मापांचे गोळे काढलेत, शेंगदाण्याएवढ्या जागेत. वर विचारलंत, 'ही बघती कुठं?' मला कळेना. तुम्ही म्हणालात, 'हात नवा हाय न्हवं तिचा? मग आधी त्याच्याकडंच बघत असंल. मान तेवढी खाली वळाय पायजे.' आणि दोन गोळ्यांच्या मधली दांडी अजून थोडी बारीक केलीत.

माझी गोष्ट वाचलेल्या एकाही माणसानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

आपल्या गावाला याचं नवल वाटू नये खरं तर. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि याच उद्यमनगरात यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतात. त्या काळीही 'याचा उपयोग काय' म्हणणारे असतीलच. माझ्या पिढीला मात्र वाटतं की असली कामं फक्त टोकियोत होतात किंवा फार तर पुण्या-मुंबईत. मलाही तसंच वाटू लागलं होतं. चांगुलपणा म्हणजे मोठी देणगी, मोठं भाषण, असंच आपल्याला शिकवलं जातं. परक्या पोरीचं काम नीट ऐकून घेणं, ते न हसता करणं, हेही त्यातच येतं. आणि ते करणारी माणसं रोज शटर उघडून कामाला लागलेली असतात, त्यांचा सत्कार कुणी करत नाही.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही 'चहाचं दे' म्हणालात. ते मला पटलेलं नाही. दिवसाचं काम थांबवून तुम्ही ते केलंत आणि तुमच्या हातातल्या कसबाची किंमत एक कप चहा नाही.

पुढची आकृती सुरू केली आहे. तिची म्हातारी आजी, कमरेत वाकलेली, तिच्या गुडघ्यांना असाच सांधा लागणार आहे. व्हर्नियर घेतलाय, मापं मीच काढून आणते. दिवाळीच्या गर्दीआधी येईन. या खेपेला दर आधी ठरवायचा आणि पूर्ण घ्यायचा, त्याशिवाय मी खोकं उघडणार नाही.

तुमची,
चरकातल्या पोरीची आई