तीन ते पाच वर्षं, पण कुठून मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोटर न्यूरॉन आजारावर (यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात) लेख आला होता. निदानानंतर रुग्ण तीन ते पाच वर्षांत दगावतो, अशा अर्थाचं त्यात एक वाक्य आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

माझ्या यजमानांना एएलएस आहे, म्हणजे या गटातला सर्वांत जास्त आढळणारा आजार. २०१८ च्या ऑक्टोबरात उजव्या हाताने कुलपातली किल्ली फिरेना, तिथून सुरुवात झाली. मग मानेच्या मणक्यावर संशय, फिजिओथेरपी, शस्त्रक्रियेची तारीखसुद्धा ठरली होती. खरं निदान १३ महिन्यांनी झालं. हात आता चालत नाहीत, बोलणंही गेलं आहे. अक्षरांच्या पाटीवर नजरेने एकेक अक्षर दाखवून ते बोलतात. तुमचा लेख वाचून त्यांनी दाखवलं, ‘मला उशीर झालाय.’ मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण २०१९ मध्ये मी ते खरं मानलं होतं. वास्तविक मी विमा कार्यालयात २९ वर्षं नोकरी केली. मृत्युदराची कोष्टकं हाताखालून गेलेली. कोष्टक हजारो माणसांबद्दल बोलतं, समोर बसलेल्या एकाबद्दल ते काही सांगत नाही, हे नव्या कारकुनांना मीच समजावत असे. घरात आजार आला आणि सगळं विसरले.

‘तीन वर्षं’ हा आकडा बहुतेक वेळा मध्यक असतो. शंभर रुग्णांना कमी जगलेल्यापासून जास्त जगलेल्यापर्यंत ओळीत उभं केलं, तर मधोमध जो उभा असतो त्याची वर्षं. त्याच्या पुढे अर्धी ओळ शिल्लक असते. साधारण दहापैकी एक जण दहा वर्षांपलीकडे जातो. ओळीची दुसरी बाजूही खरी आहे. काहींना वर्षभरसुद्धा मिळत नाही, आणि त्यांच्या घरच्यांना ‘पाच वर्षं’ हा शब्द वेगळ्या तऱ्हेने फसवतो.

आणि मोजायचं कुठून? अनेक अभ्यास पहिल्या लक्षणापासून मोजतात, लेखाने निदानापासून मोजलं. यांत साधारण वर्षाचं अंतर पडतं. गंमत अशी, की निदानाला जितका उशीर तितकं आयुष्य सरासरीने जास्त दिसतं. उशिराने काही भलं होतं असं नाही. आजार संथ असला की डॉक्टरांना तो ओळखायला वेळ लागतो, एवढंच.

शेवट कुठे धरायचा हासुद्धा प्रश्न आहे. २०१८ मध्ये युरोपातल्या १४ केंद्रांमधल्या ११,४७५ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू, गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवणं, किंवा दिवसाचे २३ तासांहून जास्त मास्कमधून श्वास देणाऱ्या यंत्रावर असणं, यांपैकी काहीही घडलं तरी तो शेवट धरला आहे. संशोधनाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. ह्यांचा मास्क सध्या रोज १६ तास असतो. तो २३ च्या पुढे गेला की त्या हिशेबात ते ‘संपले’, मग इथे माझ्याशी पाटीवर भांडत का असेनात.

त्याच अभ्यासात रुग्णांचे पाच गट पाडले आहेत. सर्वांत कमी आयुष्य अपेक्षित असलेल्या गटाचा मध्यक १७.७ महिने, सर्वांत जास्त असलेल्याचा ९१. नाव एकच, आणि फरक पाचपटीचा! आजार सुरू झाला तेव्हाचं वय, सुरुवात बोलण्या-गिळण्यापासून झाली की हातापायांपासून, उतरण किती वेगाची, श्वासाची ताकद किती, सोबत विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे का, एका विशिष्ट जनुकात बिघाड आहे का, अशा आठ गोष्टींवरून हे ठरतं. लेखात यांपैकी एकही नव्हती.

भेटायला येणारे मात्र हटकून स्टीफन हॉकिंग यांचं नाव काढतात. २१ व्या वर्षी निदान, पुढे ५५ वर्षं! त्याच आजाराचे बेसबॉलपटू लू गेरिग १९३९ मध्ये निदान होऊन १९४१ मध्ये गेले, त्यांचं नाव दिलासा द्यायला कोणी घेत नाही. मला दोघांचाही उपयोग नाही.

आता आकड्याने आमचं काय केलं ते. ह्यांना सकाळी डोकेदुखी सुरू झाली, दिवसा पेंग येऊ लागली, उताणं झोपवेना. रात्री श्वास अपुरा पडत असल्याची ही लक्षणं. श्वासाच्या त्या मास्कच्या यंत्राचा विषय निघाला तेव्हा ‘आता थोड्या दिवसांसाठी कशाला’ असं मीच म्हटलं. आठ महिने गेले. अन्न देण्यासाठी पोटात बसवायच्या नळीचंही तेच, आणि वजन ७४ वरून ६१ किलोवर आलं. श्वासाची ताकद फार उतरण्याआधी ती नळी बसवणं जास्त सुरक्षित असतं, हे मला नंतर कळलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घशाचे स्नायू फारसे गेलेले नव्हते अशा रुग्णांचा मध्यक मास्कच्या यंत्राने २०५ दिवसांनी वाढला होता. रिलुझोल हे १९९५ पासूनचं औषध मूळ चाचण्यांमध्ये आयुष्य दोन-तीन महिने वाढवणारं ठरलं होतं. ते आम्ही एक दिवसही चुकवलं नाही. मास्क मात्र आठ महिने लांबवला.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापा : आकडा मध्यकाचा आहे, तो अमुक टप्प्यापासून मोजला आहे, आणि श्वासाची तपासणी निदानाच्या वेळीच सुरू करून दर काही महिन्यांनी करायची असते. ‘दगावतो’ हा शब्दही बदलता आला तर बघा. ह्यांना तो आवडलेला नाही.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. दोन वाक्यं काढायला लावली, हॉकिंग राहू दे म्हणाले. मग पाटीवर बराच वेळ घालवून विचारलं, ‘किती शब्द चालतात त्यांना?’

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये)