अर्थ पाठ करण्याआधी चित्र पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टॅरो कार्डांवर, म्हणजे भविष्य सांगायला वापरल्या जाणाऱ्या सचित्र पत्त्यांवर, पानभर मजकूर आला, याचा आनंद झाला. पण पानाच्या मधोमध छापलेला तक्ता पाहून मन खट्टू झालं. 78 कार्डं आणि प्रत्येकापुढे एकदोन शब्द: टॉवर म्हणजे संकट, थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणजे प्रेमभंग, एट ऑफ स्वोर्ड्स म्हणजे बंधन. खाली सूचना, ‘कापून जपून ठेवा’. चित्र मात्र एकच, तेही पोस्टाच्या तिकिटाएवढं आणि काळपट. हा तक्ता समोर ठेवून टॅरो शिकायला बसणाऱ्यांची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

मी नागपुरातल्या एका शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. स्मरणचित्राच्या सरावाला तान्हा पोळा हा विषय मी हमखास देत असे. दोरी धरून लाकडी बैल गल्लीभर ओढत नेणारी हीच मुलं, पण बैलाच्या पायाखालची फळी केवढी, चाकं फळीच्या आत की बाहेर, हे त्यांना सांगता येत नसे. मग मी वर्गात बैल आणून टेबलावर ठेवायची आणि पेन्सिलीला हात न लावता नुसतं बघायला सांगायची. टॅरोकडे मी आले ती हीच सवय घेऊन.

भाचीने टॅरोचा डेक, म्हणजे 78 कार्डांचा संच, विकत घेतला तेव्हा त्यासोबत आलेल्या गाईडबुकात ती पिवळ्या पेनाने शब्द रंगवत बसली होती. “मावशी, एवढं सगळं पाठ कसं करू गं?” मी ते पुस्तक कपाटात ठेवलं आणि एक कार्ड काढायला सांगितलं. फाइव्ह ऑफ कप्स निघालं. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. त्याच्यासमोर तीन पेले उपडे होऊन सांडलेले. पुस्तकातला शब्द होता ‘शोक’, आणि भाचीची नजर त्या तीन पेल्यांवरच अडकली होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई मागून वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पण दोन तर उभेच आहेत न जी. मागं काहून नाही पाहून राहिला हा?” खरंच, त्याच्या पाठीमागे दोन पेले धड उभे आहेत. आणखी पाहिलं तर पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे छोटा गढीवजा वाडा. शोक आहेच, तो कोणी नाकारत नाही. पण हे चित्र काढणाऱ्या बाईने (तिच्याबद्दल पुढे सांगते) त्या शोकाला पाठ दिली, दोन पेले दिले आणि घरी जायला पूलही दिला. ‘शोक’ या एका शब्दात यातलं काय मावतं?

तेव्हापासून शनिवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात चारपाच जणं जमतात. पद्धत साधी आहे. एक कार्ड मधे ठेवायचं आणि बराच वेळ कोणी अर्थ बोलायचा नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. कोण कुठे बघतंय, हात काय करताहेत, पाय कशावर आहेत, उजेड कुठून येतोय, पार मागे काय आहे. मग कार्ड पालथं घालून आठवेल ते बोलायचं. जे सुटलं त्यासाठी कार्ड पुन्हा सुलटं करायचं, आणि एवढं झाल्यावरच अर्थाला हात घालायचा. यात घाई करणाऱ्याला मी थांबवते, वर्गातल्यासारखीच.

सिक्स ऑफ स्वोर्ड्सच्या वेळी शेजारचे भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले, बराच वेळ गप्प होते. कार्डात एक नावाडी होडी ढकलतोय, होडीत पाठमोरी बाई आणि मूल, पुढ्यात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. भाऊंनी बोट ठेवलं ते पाण्यावर. होडीच्या एका बाजूचं पाणी लाटांच्या रेघांनी भरलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूचं अगदी सपाट. नंतर ते म्हणाले की तलवारी तर होडीच्या तळातच घुसलेल्या दिसतात, उपटल्या तर पाणी आत येईल, त्या घेऊनच पलीकडे जावं लागेल. त्यांचा मुलगा नुकताच पुण्याला कायमचा राहायला गेला आहे. पुढे ते जे बोलले ते घरचं होतं, इथे लिहीत नाही. तक्त्यातल्या ‘प्रवास’ या शब्दाने त्यांचं तोंड उघडलं नसतं, एवढं मात्र खात्रीने सांगते.

ज्या कार्डाला लोक सर्वांत जास्त घाबरतात त्या डेथकडे कोणी नीट पाहतच नाही. ‘मरण नव्हे, बदल’ असं धीर देणारं वाक्य म्हणून मोकळे होतात. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरं गुलाबाचं फूल. घोड्यासमोर चौघं. राजा आडवा पडलाय, मुकुट खाली. पिवळ्याधमक वस्त्रातला धर्मगुरू हात जोडून उभा. एका तरुणीने तोंड फिरवलंय. आणि गुडघ्यावर बसलेलं लहान मूल, तेवढं एकच सरळ वर बघतंय. एकाच घटनेसमोर माणसं चार तऱ्हांनी कशी वागतात, ते सगळं एवढ्याशा कागदावर आहे. यातला आज मी कोण, हा प्रश्न कार्ड विचारतं. मागे दूर दोन बुरूज आणि त्यांच्यामधे सूर्य. तसेच दोन बुरूज मून या कार्डातही आहेत, तिथे त्यांच्यामधून वाट जाते. हे आमच्या भाचीला दिसलं त्या दिवशी ती दोन्ही कार्डं शेजारी ठेवून संध्याकाळपर्यंत बसली होती.

ही चित्रं अशी वाचता येतात यामागे एक बाई आहे, आणि आपल्या पानावर तिचं नावच नव्हतं. टॅरो मुळात 15 व्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आले. त्यांना भविष्याशी जोडलं ते 18 व्या शतकात फ्रान्समध्ये. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये 22 मोठी कार्डं सचित्र असत, पण एक ते दहा आकड्यांच्या कार्डांवर नुसते पेले, तलवारी, नाणी मांडलेली. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही आकड्यांचे पत्ते असेच, मत्स्याच्या पत्त्यांवर मोजून तेवढे मासे. पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने 1909 मध्ये लंडनमध्ये, गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी, त्या आकड्यांच्या कार्डांवरही माणसं आणली, प्रसंग आणले. 15 व्या शतकाच्या अखेरचा सोला-बुस्का हा इटालियन डेक तिच्या आधी सचित्र होता. त्याची छायाचित्रं 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती आणि तिच्या थ्री ऑफ स्वोर्ड्सवर त्याची छाप उघड दिसते. पण सांडलेल्या पेल्यांकडे बघणारा माणूस, नावाडी आणि होडी, ही तिची.

ती लंडनच्या लायसियम नाटक कंपनीबरोबर वेशभूषा आणि नेपथ्याचं काम करत होती. हे कळल्यावर कार्डं वेगळीच दिसायला लागतात. काहींत पात्राच्या पायाखाली सपाट जमीन, मग एक आडवी रेघ आणि रेघेमागे जणू रंगवलेला पडदा. पात्र रंगमंचावर उभं केल्यासारखं आहे, म्हणून तर हात, मान, पाठ एवढं बोलतात. बहुतेक कार्डांच्या खालच्या कोपऱ्यात तिची अक्षरं एकमेकांत गुंफलेली सही आहे, ती शोधायला मुलांना फार आवडतं. काम मोठं आणि पैसे फार थोडे, असं तिने त्याच वर्षी अमेरिकेतले छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रात कळवलं होतं. 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली. डेक जगभर विकला गेला तो रायडर या प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावाने. चित्रं काढणारीचं नाव आता आता कुठे जोडलं जाऊ लागलंय. आपणही ते जोडावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कार्डं उद्या काय होणार ते सांगतात, असं मी मानत नाही आणि व्हरांड्यात तसं कोणाला बोलू देत नाही. या शहरात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ जुनी आहे, तिचा मला आदर आहे. पण लोकांना भीती घालता येते ती नेमकी त्या तक्त्यासारख्या शब्दांनी. आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींना एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर टॉवर कार्ड दाखवून ‘घरावर संकट आहे, उपाय करून घ्या’ असं सांगितलं गेलं. रक्कम ऐकून त्या परत आल्या, पण झोप उडाली. मी त्यांच्यासमोर तेच कार्ड ठेवलं आणि दिसेल ते सांगा म्हटलं. कड्यावरचा मनोरा, वीज, उडालेला मुकुट, खिडक्यांतून ज्वाळा, खाली पडणारी दोन माणसं. वहिनी हळूहळू सगळं सांगत गेल्या आणि मधेच थांबल्या. “याला दार कुठंय?” खिडक्या तीन आहेत, दार कुठेच दिसत नाही. “दारच ठेवलं नाही तर माणसं अशीच पडतील की.” मग त्यांनी आपल्या घरातल्या एका जुन्या अबोल्याबद्दल सांगितलं. ज्या कार्डाने त्यांना भेडसावलं होतं, तेच हातात घेऊन त्या अर्धा तास शांतपणे बोलल्या.

आता विनंती. तक्त्याऐवजी दर रविवारी एकच कार्ड छापा, मूळ आकाराचं तरी, म्हणजे साधारण 7 बाय 12 सेंटीमीटर, आणि रंगीत. खाली अर्थ देऊ नका, दोनतीन प्रश्न द्या: हा कुठे बघतोय, मागे काय आहे, काय नाही. अर्थ हवाच असेल तर पुढच्या रविवारी द्या, वाचकांची उत्तरं आल्यावर. हक्कांची अडचण येऊ नये. आपल्याकडे कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी चित्रांवरचा हक्क संपतो, तेव्हा 1909 ची मूळ चित्रं खुली आहेत. फक्त नंतर कोणी नव्याने रंगवलेली आवृत्ती उचलू नये. सुरुवातीला हर्मिट घ्यावं असं सुचवते. बर्फाच्या शिखरावर एकटा म्हातारा, हातात काठी आणि कंदील, मागे रिकामं आकाश. नवख्याला ते पटकन उलगडतं. पण कंदिलाच्या आत नेमकं काय जळतंय ते दिसायला छपाई स्वच्छ हवी, तेवढं आपल्या छापखान्याला जरूर सांगा.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर