टिश्यू व्हॉल्व्हचा पहिला इको जपून ठेवा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

'टिश्यूचा व्हॉल्व्ह बसवला, आता कटकट मिटली,' असं हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांच्या इंदूरमधल्या मराठी घरांतून बरेचदा ऐकू येतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीपुरतं ते बरंचसं खरं आहे. मेटलच्या व्हॉल्व्हला ही गोळी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याची) तपासणी जन्मभर. टिश्यूला बहुधा 3 ते 6 महिने, ठोके अनियमित असतील तर पुढेही. पण इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची तपासणी सुटत नाही.

हा व्हॉल्व्ह गाय-बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा असतो. ग्लुटारल्डिहाइडमध्ये मुरवलेलं ते ऊतक मृत असतं, झिजलं की भरून येत नाही. पाकळीवर कॅल्शियम साचतं, ती ताठरते, कधी चिरते. ताठरली तर नीट उघडत नाही, चिरली तर रक्त उलटं गळतं. उतारवयात महाधमनीच्या झडपेच्या जागी बसवलेला व्हॉल्व्ह साधारण 10 ते 15 वर्षं टिकतो. तरुणपणी, त्यातून मायट्रलच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी, लवकर खराब होतो. संधिवाताच्या तापाने झडप गेलेल्या तरुण मुलींना तरीही तो बसवतात, कारण गरोदरपणी, विशेषतः 6 ते 12 आठवड्यांत, वॉरफरिन बाळाला अपाय करू शकतं. दुसरं ऑपरेशन लागेल, हे मात्र त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

ऑपरेशननंतर तीनेक महिन्यांत केलेला इको फार मोलाचा. महाधमनीच्या व्हॉल्व्हचा सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, mmHg मध्ये) तेव्हा 12 होता आणि काही वर्षांनी 24 झाला, तर व्हॉल्व्ह बिघडत असल्याची शंका घ्यावी लागते. पहिला आकडाच हरवला असेल, तर मुळात व्हॉल्व्ह लहान म्हणून 24 येतोय की आता बिघडलाय, कसं ओळखायचं? डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'टिश्यू व्हॉल्व्ह' लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, साइज आणि नंबर हवाच. पुढे मांडीच्या रक्तवाहिनीतून जुन्याच्या आत नवा व्हॉल्व्ह बसवायचा झाला, तर 19 मिलिमीटरमध्ये जागा फार थोडी उरते. 23 असला तर काम सोपं. रुग्णालयांनी हे कार्ड न मागता द्यावं, घरच्यांनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला व्हॉल्व्हचं सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्यास व्हॉल्व्हला संसर्ग होऊ नये म्हणून प्रौढांना साधारण तासभर आधी ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम देतात. आणि ताप आला तर केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. दोन दिवस गोळ्या पोटात गेल्या की ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू बरेचदा सापडत नाहीत, आणि व्हॉल्व्हवरचा संसर्ग आतल्या आत वाढत राहतो. आधी कल्चर, मग औषध.

आपला,
एक इको तंत्रज्ञ, इंदूर