आण्णा, बापाकडं बघायला तुम्ही शिकवलंत

ती. स्व. आण्णांस,
सा. न. वि. वि.

दिवाळी अंक छापून आला. ‘मुघल-ए-आझम’वरचा लेख त्यात आहे आणि लेखाखाली नाव फक्त माझं आहे. तुमचंही नाव घालूया असं मी संपादकांना म्हटलं होतं, पण तुम्हीच हात झटकलात. “मी कुठं काय लिवलंय? माझं नाव नको.” तुमचा शब्द पाळला. आभार मानू नको असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

संपादकांनी विषय दिला होता ‘ऐतिहासिक चित्रपटातले बापलेक’. मी माझ्या पद्धतीनं कागदांपासून सुरुवात केली. सलीमनं बंड केलं ते 1600 मध्ये, आणि ते प्रेमापायी नव्हतं, गादीपायी होतं. अलाहाबादेत त्यानं स्वतःचा दरबार मांडला. 1602 मध्ये अकबराचा जिवलग आणि अकबरनाम्याचा लेखक अबुल फजल दक्षिणेतून परतताना मारला गेला. मारणारा ओर्छ्याचा बीरसिंह देव बुंदेला होता, मारवणारा सलीम. पुढं जहांगीर या नावानं बादशहा झाल्यावर लिहिलेल्या आठवणींत त्यानं स्वतःच ते सांगून टाकलंय. घरात वेगळंच दुखणं होतं. सलीमचा एक भाऊ मुराद 1599 मध्ये गेला, दुसरा दानियाल 1605 मध्ये, दोघंही दारूनं. सलीमही त्याच वाटेवर होता. दरबारातल्या काही बड्या मंडळींना तर पुढचा वारस म्हणून सलीमपेक्षा त्याचा थोरला मुलगा खुसरो बरा वाटत होता. म्हणजे भांडण बापलेकांचं राहिलंच नाही, त्यात नातूही ओढला गेला. अनारकली ना अकबरनाम्यात सापडते ना जहांगीरच्या आठवणींत. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी 1611 मध्ये लाहोरला पोचला, त्याच्या लिखाणात ही कहाणी भेटते.

एवढं सगळं टिपण घेऊन मी तुमच्याकडं आलो, कारण लेख पुढं सरकत नव्हता. तुम्ही चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. “खरं हाय की सगळं. पण पिक्चर कुठाय ह्यात?” एवढंच विचारलंत, आणि मग टीव्हीकडं बोट केलंत. “लाव. रंगवल्याला नको, जुना लाव. आणि आवाज बंद कर.”

ज्या चित्रपटाचे संवाद आख्ख्या देशाला पाठ, तो आवाज बंद करून बघायचा! कारण तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. कोल्हापुरात हा चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा तुम्ही मशीन केबिनमध्ये हाताखालचे पोरगे होता. दोन मशीनं आलटून पालटून चालवायची, कार्बनच्या कांड्या जळत जातील तशा सारत राहायच्या, नाहीतर पडद्यावरचा उजेड मंदावतो. त्या घरघरीत शब्द काय ऐकू येणार! सव्वातीन तासांचा चित्रपट रोज तुम्ही त्या बारक्या खिडकीतून नुसता बघितलात. अकबर काय म्हणतो हे तुम्हाला बऱ्याच वर्षांनी समजलं, पण तो कसा उभा राहतो हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच पाठ झालं होतं.

“तू पोराला बघालायस,” तुम्ही म्हणालात. “समदी पोरालाच बघत्यात. बापाला बघ की.”

मी बघितलं. सुरुवातीलाच तापल्या वाळवंटातून अनवाणी चालत निघालेला बादशहा, पोर हवं म्हणून शेख सलीम चिश्तींच्या दारी जाणारा. हा प्रसंग मी लहानपणापासून बघत आलोय, तो संपून खरी गोष्ट कधी सुरू होते याची वाट बघत. तुम्ही तिथं चित्र थांबवायला लावलंत. नंतरच्या प्रत्येक प्रसंगात हे पाय आठवत राहा, म्हणालात. लाडानं बिघडलेल्या पोराला लढाईवर धाडतो तेव्हा, आणि त्याच पोराला तोफेसमोर उभं करतो तेव्हाही. पृथ्वीराज कपूर तेव्हा पन्नाशीच्या पुढं गेले होते. अंगावर एवढं वजन, एवढे अलंकार, पण आवाज काढून टाकला की दिसतो तो फक्त एक भारी माणूस, ज्याला मान वळवायलासुद्धा वेळ लागतो. दिलीपकुमारांचा सलीम समोर ताठ उभा आणि नजर काही केल्या खाली जात नाही. बाप डोंगरासारखा हे कुणीही लिहील. मला त्या दिवशी दिसलं ते वेगळं होतं. या माणसाला मुलाकडं चालत जायचंय, आणि त्याचा पोशाखच त्याला जाऊ देत नाही. लेखातलं हे वाक्य वाचकांना आवडलंय असं संपादक सांगत होते. आण्णा, ते मला तुमच्या खिडकीतून दिसलं.

मग जोधाबाई झालेल्या दुर्गाबाई खोटे. लढाईला निघालेल्या नवऱ्याच्या हाती तलवार द्यायची, आणि ती तलवार आपल्याच पोरावर जाणार. आवाज नसताना तो चेहरा बघवत नाही. जोधाबाई हे सलीमच्या आईचं नाव त्या काळच्या कागदांत येत नाही, मरियम-उझ-जमानी हा किताब येतो, हे माझ्या टिपणात होतंच. लेखात मी ते एका ओळीत उरकलं आणि त्या चेहऱ्यावर आख्खा परिच्छेद दिला. हा सल्लाही तुमचाच होता.

शेवटाबद्दल आपलं चांगलंच वाजलं. मला तो शेवट पळवाट वाटायचा. अनारकलीच्या आईला दिलेल्या जुन्या वचनापायी अकबर तिला भुयारातून जाऊ देतो, पण सलीमला हे कधीच कळू द्यायचं नाही या अटीवर. तुमचं म्हणणं होतं की आख्ख्या चित्रपटात बाप बाप होतो तो इथंच, कारण लेकाच्या नजरेत जन्मभर वाईट राहायचं तो कबूल करतो. मी लेखात दोन्ही बाजू मांडल्या. पण मनातून मी तुमच्याकडं सरकलोय, हे इथं सांगतो. एक तक्रार मात्र राहिलीच. इतिहासात या बापलेकांचा जो सगळ्यात घरगुती प्रसंग आहे तो चित्रपटात नाही. 1604 मध्ये अकबराची आई हमीदा बानू गेली. त्यानंतर सलीम आग्र्याला आला. दरबारात सगळ्यांसमोर बापानं त्याला मायेनं जवळ घेतलं, आणि आत नेऊन थोबाडीत ठेवून दिली, कोंडलं, दारू तोडली. वर्षभरात, 1605 च्या ऑक्टोबरात, मरणाच्या दारात असताना त्याच लेकाला पगडी घाल आणि हुमायूनची तलवार बांध असं खुणेनं सांगितलं. दिग्दर्शक के. आसिफ यांनी बापलेकांना समोरासमोर उभं करायला प्रचंड फौजा आणल्या, हत्ती आणले. मला वाटतं, त्या एका थोबाडीत त्या फौजांपेक्षा जास्त होतं. सलीमची दारू आणि अकबराची ती चापट, दोन्ही गाळल्यावर माणसं देखणी झाली, पण जरा लांब गेली. हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, “लिव्ह. पिक्चर मोठा हाय, त्याला सोसतंय.” कुठल्याही समीक्षकाला एवढी मोकळीक एखाद्या चाहत्यानं दिली असेल असं मला वाटत नाही.

आपल्या गावाचा धागाही तुम्हीच हाती दिलात. दुर्गाबाईंची तारामती, प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’, 1932 मध्ये इथंच कोल्हापुरात घडला. कंपनी पुण्याला गेली ती त्यानंतर. पृथ्वीराज दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली 1944 मध्ये कर्ण झाले आणि 1946 मध्ये वाल्मिकी. त्या ‘वाल्मिकी’त नारद कोण? राज कपूर. खरे बापलेक, एका चित्रपटात, भालजींसमोर. मुंबईच्या समीक्षकाला अकबर मराठा मंदिर थिएटरात 5 ऑगस्ट 1960 ला भेटला असेल. आपल्या पेठांतल्या म्हाताऱ्यांनी त्याला त्याआधीच बघितलेलं होतं, तेही बिनमुकुटाचं, हे लेखात घालताना मला फार बरं वाटलं.

आणि तुम्ही मला पन्हाळ्याला धाडलंत, त्याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. “दिल्ली-आग्र्याचं लिवालायस, आपल्या उंबऱ्यावरचं बघून ये आदी.” एसटीनं वर गेलो, सज्जाकोठीच्या माडीवर उभा राहिलो. समोर दरी, पलीकडं जोतिबाचा डोंगर. डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, वर्षभरानं तिथून निसटून पन्हाळ्याला परतले. 1680 च्या जानेवारीत महाराज गडावर आले आणि भेट झाली. लेक 22 वर्षांचा, बाप पन्नाशीला टेकलेला. 3 एप्रिलला रायगडावर महाराज गेले तेव्हा राजे पन्हाळ्यावरच होते. म्हणजे ती भेट शेवटचीच ठरली. त्या खोलीत काय बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. महाराजांनी व्यंकोजीराजांना कळवलं ते मात्र आहे. चिरंजीव मोगलाईत गेले होते, परत आणायचे पुष्कळ उपाय केले, आता आले आहेत, भेट झाली, आणि घरोब्याच्या रीतीनं जसं समाधान करता येईल तसं केलं. एवढंच. स्वराज्य उभं करणारा माणूस भावाला पोराबद्दल लिहितोय, आणि त्यात ना कसला आरोप, ना फुशारकी.

खाली उतरताना मी ठरवलं की लेख संपवायचा तो या पत्रावर. ही भेट पडद्यावर आणायची तर ज्याला त्याला कुणीतरी एक गुन्हेगार हवा असतो. शंभरहून जास्त वर्षांनी लिहिलेल्या बखरीनं तो गुन्हेगार लेक ठरवला, आणि ते रंग नाटक-सिनेमांनी पुढं कितीतरी वर्षं वापरले. वा. सी. बेंद्र्यांनी कागद उलगडून राजांचं चरित्र लिहिलं ते 1960 मध्ये, म्हणजे ‘मुघल-ए-आझम’ लागला त्याच साली. त्याआधीची माझ्या आजोबांची पिढी राजांबद्दल काय काय ऐकत मोठी झाली! अलीकडं काटा उलट फिरलाय. आता लेक निर्दोष ठरवायचा म्हणून घरातल्या बाकीच्यांना काळं फासायचं. त्या पत्रात जेवढं आहे तेवढं जरी कुणी इमानानं चित्रित केलं तरी मी पहिल्या दिवशी पहिला खेळ गाठीन.

आता एक गोष्ट, जी लिहायची परवानगी तुम्ही परवा फोनवर दिलीत. तुमच्या वडिलांना तुम्ही तालमीत हवे होता. घरात दोन पिढ्यांची कुस्ती, आणि हा पोरगा मातीत उतरायचं सोडून केबिनमध्ये रिळं गुंडाळतोय. त्यांनी बोलणं टाकलं. जेवणाचं ताट पुढं सरकवायचं तेही आईच्या हातून. तुम्ही हे सांगितलंत ते सहज, चहा ओतता ओतता, आणि लगेच पुढं म्हणालात की ह्याच पिक्चरच्या वेळी त्यांनी आईकरवी विचारलं, तालमीतल्या चौघांना पास मिळतील का. तुम्ही पाचवा पास त्यांच्यासाठी ठेवलात. ते आले. खिडकीतून तुम्हाला त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं, फेट्यासकट, तिसऱ्या रांगेत. त्या खेळाला तुम्ही कार्बनवरून हात काढला नाहीत, उजेड एकदाही मंदावू दिला नाहीत. घरी गेल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताट मात्र त्यांनी स्वतः पुढं केलं.

लेखात मी हे घातलं नाही, ते तुमचं होतं. पण लेखातलं प्रत्येक वाक्य ते ऐकल्यानंतर लिहिलेलं आहे. अकबराबद्दल मला जो राग होता तो उतरला, सलीमबद्दलची भाबडी माया उतरली, आणि दोघांकडं सारख्याच आपुलकीनं बघता आलं. पुस्तकांनी मला तारखा दिल्या, त्यांचेही उपकार आहेत. हे बघणं मात्र तुमच्याकडून आलं, तेही वयाच्या ऐंशीनंतर, गुडघे दुखत असताना, माझ्यासाठी दुपारची झोप मोडून. काकूंनी प्रत्येक वेळी चहाबरोबर खायला समोर ठेवलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

तुमच्या त्या लांबट वहीबद्दलही विचारायचं होतं. कुठलं रीळ कुठं जोडलेलं, कुठल्या प्रसंगाला लोक उठून बाहेर गेले आणि कुठल्या प्रसंगाला थिएटर गप्प झालं, हे सगळं तुम्ही त्यात टिपून ठेवलंय. ती मला उतरवून घेऊ द्याल का? घरी न्यायची नाही, तुमच्यासमोर बसूनच लिहीन. आपल्या गावात चित्रपट कुणी काढले याची पुस्तकं झाली, ते दाखवणाऱ्यांचं कुणी फारसं लिहिलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी अंक घेऊन येतो. दोन प्रती आणतो. एक पुण्याला तुमच्या थोरल्याला पाठवायची असं तुम्ही दोनदा म्हणालात, तेव्हा त्याचा पत्ता तेवढा काढून ठेवा. टपालात मीच टाकतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
विश्वास