चिऊची सही राहिली

फिलाडेल्फिया,
५ ऑक्टोबर

ती. दादा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. परवा फोनवर मी सांगितलं, की चिऊच्या वर्गात मुलांनी स्वतःची राज्यघटना केली, तर दादांनी विचारलं, "नियम पोरांनीच करायचे, तर बाई पगार कशाचा घेतात?" मी हसले आणि नेमका फोन कट झाला. तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय. दादांना नाहीतरी कागदावरचंच खरं वाटतं, म्हणून बसले लिहायला.

चिऊ यंदा पाचवीत. इथे १७ सप्टेंबर हा संविधान दिन. १७८७ साली त्या दिवशी, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या इमारतीत अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळेने त्या दिवशी घटनेबद्दल काहीतरी शिकवलंच पाहिजे, असा २००४ सालचा कायदा आहे. एखादा व्हिडिओ लावूनही तो पाळता येतो. (आपल्याकडे फोटोला हार घालून 'जयंती उत्साहात साजरी' असं लिहून ठेवतात, तसंच.) चिऊच्या बाईंनी मात्र तीन आठवडे हेच चालवलं.

सुरुवात पेन्सिलींपासून झाली. वर्गात २३ मुलं, सहा टेबलं. बाईंनी मधोमध एक रिकामा डबा ठेवला आणि सांगितलं, प्रत्येक टेबलाने यात पेन्सिली टाकायच्या, त्या सगळ्यांनी वापरायच्या. सक्ती मात्र नाही, आणि हे बदलायचं तर सहाच्या सहा टेबलं राजी हवीत. चार दिवसांनी डब्यात दोन पेन्सिली. एकीला टोक नाही, दुसरीचा खोडरबर कोणीतरी चावलेला. मग सक्ती करावी का यावर मतं घेतली. पाच टेबलं हो म्हणाली, एक नाही म्हणालं. संपलं! तेव्हा बाईंनी सांगितलं, की घटनेच्या आधी या देशातल्या १३ राज्यांचं असंच चालायचं. काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कर लावायचा अधिकारच नव्हता. युद्धाचं कर्ज डोक्यावर, पैसे राज्यांकडे मागायचे, ती देतील तेव्हा खरं. आणि राज्यांचा आपसातला करार बदलायला तेराही राज्यांचा होकार लागायचा. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं की गाडी ठप्प. दादा, आपल्या आळीच्या पाण्याच्या मोटारीची वर्गणी आठवली ना?

मग नियम करायला सभा बसली आणि पहिल्याच दिवशी भांडण. एका टेबलावर पाच मुलं, दोन टेबलांवर तीन-तीनच. पाचवाले म्हणतात, आम्ही जास्त, आमची मतं जास्त. तीनवाले म्हणतात, टेबलाला एक मत. बाई दोन दिवस गप्प बसल्या. चिऊ घरी येऊन दप्तर आपटायची आणि म्हणायची, "मिस काही बोलतच नाही!" शेवटी तीनवाल्यांपैकी एक मुलगी म्हणाली, दोनदा मोजू या. एकदा डोकी, एकदा टेबलं, आणि दोन्हीकडे पास झाला तरच नियम. त्यावर बाईंनी भिंतीवरचा पडदा ओढला. मागे आधीच लिहून ठेवलं होतं, की १७८७ च्या जुलैत मोठ्या आणि लहान राज्यांचं भांडण असंच मिटलं: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्याच. पोरांना वाटलं, आपलं कॉपी केलं!

आता दादांचं उत्तर. एकूण ११ कलमं झाली, त्यातली चार बाईंवर आहेत. मुलांनी केलेला नियम बाई नाकारू शकतात, पण २३ पैकी १६ जणांनी पुन्हा हो म्हटलं तर तो बाईंनाही पाळावा लागतो. आग लागल्याची कवायत, शाळेची वेळ, गृहपाठ या गोष्टी शाळेच्या हातात, त्यांना वर्गाने हात लावायचा नाही. (गृहपाठ रद्द करायचा ठराव आला होताच. मोठ्या बहुमताने पास झाला आणि तितक्याच लवकर बाद.) आणि सातवं कलम असं, की एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाची मधली सुट्टी काढायची नाही. हे कलम बाईंनी स्वतः सुचवलं म्हणे.

ते वाचून मला चौथीतला तुमचा वर्ग आठवला, दादा. पृथ्वीचा गोल फुटला होता, कोणी कबूल होईना, आणि तुम्ही सगळा वर्ग उन्हात उभा केलात. स्वतःची मुलगी म्हणून मला सगळ्यांच्या शेवटी आत घेतलंत. त्याचा तुम्हाला अभिमान होता, मला मात्र त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. ३० वर्षांत बोलले नाही, आज लिहून टाकते.

असो. चार्टपेपरवर सगळं लिहून झालं आणि सह्या सुरू झाल्या. जाड मार्कर, प्रत्येकाला आपलं नाव सर्वांत मोठं हवं. २२ सह्या झाल्या. चिऊने केली नाही! कारण नववं कलम: वर्गात काही हरवलं तर दप्तरं उघडून बघायची. आदल्या आठवड्यात कोणाचं तरी खोडरबर हरवलं, तेव्हा हिचं दप्तर उलटं केलं आणि आतून आईच्या कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली. खोडरबर नव्हतंच. वास मात्र दिवसभर वर्गात. पोरीने ते मनात ठेवलं होतं.

मला वाटलं, आता शाळेतून फोन येणार. आला तो बाईंचा, पण खुशीत! १७८७ च्या त्या सभेतही शेवटच्या दिवशी हजर असलेल्या तिघांनी सही नाकारली होती, त्यातल्या जॉर्ज मेसनचा मुख्य आक्षेप हा, की यात लोकांच्या हक्कांची सनदच नाही. पुढे १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यातली चौथी म्हणजे सबळ कारणाशिवाय झडती घ्यायची नाही. बाईंनी चिऊला इतकंच सांगितलं, की सही करू नकोस, पण दुरुस्ती मांड. दुरुस्तीला तीन-चतुर्थांश हवेत, म्हणजे १८. पहिल्यांदा पडली १७ मतं. एक मत कमी! रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विरोधातल्या एका मुलाला गाठलं. तो दप्तराच्या तळाशी लहानपणचा कापडी ससा ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. ती सशाबद्दल अक्षरही बोलली नाही, फक्त म्हणाली, "उद्या तुझं दप्तर उघडलं तर?" एकूण १९ मतं पडली. मग तिने सही केली, सगळ्यांत लहान अक्षरात, कारण जागाच उरली नव्हती.

एक गोष्ट मला आवडली. गुलामांना तीन-पंचमांश माणूस धरून मोजायचं असंही त्याच घटनेत ठरलं होतं, हे बाईंनी लपवलं नाही. एका मुलाने विचारलं, मग घटनेच्या सुरुवातीच्या 'आम्ही लोक' मध्ये ते होते का? बाई म्हणाल्या, नव्हते. आणि फळा न पुसता तास संपवला.

रविवारी आम्ही इथल्या संविधान केंद्रात जाऊन आलो. एका दालनात १७८७ च्या सभेतल्या ४२ जणांचे माणसाएवढे कांस्य पुतळे आहेत, सही न करणारे तिघेही त्यातच. चिऊने मेसनच्या शेजारी उभं राहून फोटो काढला, सोबत पाठवते. वर्गात तिने ऐट मिरवून घेतली आहे, की तुमच्या मूळ घटनेत सातच कलमं, आमच्या घटनेत पहिल्या दिवसापासूनच ३९५ होती. आता २६ नोव्हेंबरला तिला वर्गात आपली उद्देशिका मराठीतून वाचायची परवानगी मिळाली आहे. 'सार्वभौम' वर जीभ अडखळते. दादा, शाळेच्या परिपाठात म्हणायचात तशी, त्याच चालीत, फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. आई, लोणचं या खेपेला प्लास्टिकच्या डब्यात दे, झाकणाला वरून टेप लाव.

आणि चिऊने विचारलंय, आजोबा, तो पृथ्वीचा गोल शेवटी कोणी फोडला होता?

तुमची,
ताई