एसडब्ल्यूआरचा आकडा मोजावा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या विज्ञान पानावरील हौशी रेडिओविषयीच्या लेखात ‘केबलची लांबी थोडी कमीजास्त करून एसडब्ल्यूआर सुधारावा’ असा सल्ला दिला आहे. एसडब्ल्यूआर म्हणजे स्थिर तरंगांचे गुणोत्तर; ट्रान्समीटरकडून अँटेनाकडे जाणारी केबल आणि अँटेना एकमेकांशी किती जुळतात, हे तो सांगतो. लांबीविषयीचा हा समज हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींतही पक्का रुजलेला असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

केबलचा इम्पिडन्स, म्हणजे तरंगातील विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर, ५० ओहम असेल आणि अँटेनाचाही ५० ओहमच असेल, तर टोकाशी पोहोचलेली सगळी ऊर्जा अँटेना घेते. अँटेना ७५ ओहमची असेल, तर तिथले विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर केबलमधल्या गुणोत्तराशी जुळत नाही, आणि दाबाचा पाचवा हिस्सा, म्हणजे शक्तीचा ४ टक्के भाग, मागे फिरतो. जाणारा आणि परतणारा तरंग ठरावीक जागी एकमेकांत भर घालतात आणि ठरावीक जागी एकमेकांना कमी करतात. या जागा हलत नाहीत, म्हणूनच त्याला स्थिर तरंग म्हणायचे. लगतच्या दोन कमाल बिंदूंमधले अंतर केबलमधील अर्ध्या तरंगलांबीइतके असते. १४५ मेगाहर्ट्झला, आत भरीव पॉलिथिनचे आवरण असलेल्या नेहमीच्या केबलमध्ये, ते सुमारे ६८ सेंटिमीटर भरते. कमाल दाबाला किमान दाबाने भागले की एसडब्ल्यूआर मिळतो, वरील उदाहरणात १.५.

हा आकडा केबल आणि अँटेना मिळून ठरवतात. केबलमध्ये वाया जाणारी शक्ती नगण्य असेल, तर तो सगळ्या लांबीभर एकच राहतो, आणि लांबी बदलल्याने फक्त ट्रान्समीटरला दिसणारा इम्पिडन्स बदलतो. अशा केबलची थोडी लांबी बदलताच मीटर हलू लागला, तर बहुधा केबलच्या तारांच्या बाह्य जाळीच्या बाहेरच्या अंगाने प्रवाह वाहत असतो. उपाय त्यावर हवा.

केबल बरीच लांबवली की आकडा खरोखर उतरतो, पण ते सुधारणेचे लक्षण नव्हे. एका खेपेत निम्मी शक्ती गिळणाऱ्या केबलची अँटेना पूर्ण तुटून पडली, तरी ट्रान्समीटरपाशी एक चतुर्थांश शक्ती परत येते आणि मीटर ३ दाखवतो; अँटेनाच्या टोकाशी मात्र तोच आकडा अनंत असतो. (अँटेनाऐवजी जोडायचा आणि शक्ती उष्णतेत घालवणारा ‘डमी लोड’ तर १ दाखवतो, त्याच्या भरवशावर दूरचा संपर्क झाल्याचे ऐकिवात नाही.)

तेव्हा पुढील लेखात वाचकांना, शक्य असेल तिथे, मीटर अँटेनाच्या टोकाशी लावून पाहण्यास सांगावे, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक हॅम